‘म्युझेत’ आणि ‘पेटी’ : पिशवी, खोके व सूर यांच्यातील अर्थप्रवास

सारांश

‘म्युझेत’ या एकाच फ्रेंच शब्दाने वाद्य, नृत्यरचना, नाचघर, सूर जुळविण्याची रीत आणि खांद्यावरची पिशवी इतक्या गोष्टी ओळखल्या जातात. मराठीतील ‘पेटी’, ‘भाता’ व ‘पट्टी’ हे शब्द जवळपास याच वाटेने गेले आहेत. या शब्दांचे अर्थ एकापासून दुसरा कसे निघाले, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे. अनेकार्थी शब्द यादीच्या रूपाने न शिकविता अर्थांच्या साखळीच्या रूपाने शिकविले जावेत आणि त्या साखळीतील जे दुवे आज केवळ कारागिरांच्या बोलण्यात शिल्लक आहेत ते नोंदवून ठेवावेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अनेकार्थता, लक्षणा, संक्षेप, म्युझेत, पेटी, भाता, पट्टी

१. प्रस्तावना

पदवी वर्गात ‘अनेकार्थी शब्द’ हा घटक शिकविताना बहुधा फळ्यावर एक यादी येते. ‘पट्टी’ म्हणजे जखमेवर बांधावयाचे कापड, ‘पट्टी’ म्हणजे रेघ मारण्याचे साधन, ‘पट्टी’ म्हणजे कर. विद्यार्थी ही यादी वहीत उतरवून घेतात, स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. या पद्धतीने शब्दाला किती अर्थ आहेत हे कळते. परंतु ते अर्थ एकाच शब्दाच्या आश्रयाला का आले, हे कळत नाही. परस्परांशी ओळख नसलेले प्रवासी एकाच धर्मशाळेत उतरावेत, तसे ते अर्थ विद्यार्थ्याला वाटत राहतात.

वास्तविक अर्थांमध्ये नाते असते. बहुतेक वेळा एक अर्थ दुसऱ्यातून जन्मलेला असतो आणि त्या जन्माचे कारण एखाद्या वस्तूत, व्यवसायात किंवा स्थलांतरात सापडते. हे कारण शोधताना भाषेच्या अभ्यासकाला इतिहास, अर्थव्यवहार आणि प्रसंगी भौतिकशास्त्र यांच्या दारी जावे लागते. त्यामुळे हा विषय केवळ भाषा विभागापुरता राहत नाही. प्रथम एका परक्या शब्दाचे उदाहरण घेऊन नंतर आपल्या परिसरातील शब्दांकडे वळणे सोयीचे ठरेल. कारण आपल्या शब्दांची आपल्याला इतकी सवय झालेली असते की त्यांचा प्रवास आपल्या लक्षातच येत नाही.

२. ‘म्युझेत’ : वाद्य आधी, पिशवी नंतर

जुन्या फ्रेंच भाषेत ‘म्यूझ’ हा शब्द पिशवीच्या वाद्यासाठी वापरला जाई. या वाद्यात चामड्याच्या पिशवीत हवा भरून ठेवतात आणि ती काखेत दाबून नळ्यांमधून सूर काढतात. एका नळीवर चाल वाजते, तर उरलेल्या नळ्या एकच आधारस्वर अखंड धरून ठेवतात. आपल्याकडे सनईबरोबर सूर धरणारा साथीदार असतो. तेच काम येथे वाद्याची एक नळी करते.

‘म्यूझ’ला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘म्युझेत’ झाले. मराठीत ‘डबा’पासून ‘डबी’ होते, तशीच ही घडण आहे. ‘सिगार’चे ‘सिगारेट’ करणारा प्रत्ययही हाच होय. तेराव्या शतकापासून ‘म्युझेत’ हा शब्द वाद्याच्या अर्थाने आढळतो. सतराव्या व अठराव्या शतकांत हे गुराख्यांचे वाद्य फ्रेंच दरबारात शिरले. तोंडाने फुंकणे उमरावांना शोभेनासे वाटले म्हणून त्याला काखेत धरण्याचा छोटा भाता जोडण्यात आला. १६७२ मध्ये बोर्झों द सेलरी याने या वाद्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून त्याची प्रतिष्ठा ध्यानात येते.

याच काळात शब्दाचा पहिला मोठा अर्थविस्तार झाला. या वाद्याच्या धाटणीची, खाली अखंड आधारस्वर ठेवून वर चाल खेळविणारी रचना हीसुद्धा ‘म्युझेत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. अशी रचना वाजविण्यासाठी मूळ वाद्य हाती असण्याची गरज उरली नाही. जर्मन संगीतकार बाख याच्या ‘इंग्लिश स्वीट’ मालिकेतील तिसऱ्या रचनेत एका भागाला हेच नाव दिलेले आहे आणि ती रचना तर कळफलकाच्या वाद्यासाठी आहे. येथे नाव वस्तूपासून सुटले आणि शैलीला चिकटले.

आता पिशवीकडे येऊ. पिशवीच्या वाद्याला पिशवीवरून नाव मिळाले असावे, असा तर्क कोणीही सहज करील. परंतु या शब्दाच्या बाबतीत क्रम उलटा आहे. कापडी पिशवी हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे वाद्याच्या अर्थानंतर काही शतकांनी आढळू लागतो. वाद्याची पिशवी अंगालगत लोंबते. घोड्याच्या तोंडाला बांधावयाची चंदीची पिशवी आणि शिपायाच्या खांद्यावरून कमरेपाशी येणारी शिदोरीची पिशवी यांचे रूप तिच्याशी मिळतेजुळते. रूपसाम्यामुळे वाद्याचे नाव पिशवीला मिळाले. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच सैनिक आपली भाकरी ‘म्युझेत’मध्ये बाळगीत. पुढे सायकल शर्यतीत, धावत्या स्पर्धकाच्या हाती खाद्यपदार्थांची जी हलकी कापडी पिशवी दिली जाते तिलाही हेच नाव मिळाले.

याच्या नेमका उलट प्रवास आपल्या देशात झालेला आहे. ‘मशक’ म्हणजे पाणी वाहून नेण्याची कातडी पिशवी. उत्तराखंडात पलटणीबरोबर आलेल्या इंग्रजी पिशवीच्या वाद्याला लोकांनी ‘मशकबीन’ म्हटले. तेथे पिशवी आधी आणि वाद्य नंतर. फ्रान्समध्ये वाद्य आधी आणि पिशवी नंतर. दोन अर्थांमध्ये पूल असला तरी त्यावरची वाहतूक कोणत्याही बाजूने होऊ शकते, हा या दोन उदाहरणांतून मिळणारा पहिला धडा होय. म्हणूनच अर्थांचा क्रम तर्काने ठरवू नये. तो कालक्रमाने तपासावा.

३. वाद्य गेले, नाव राहिले

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ओव्हेर्न्य या डोंगराळ भागातील अनेक कुटुंबे पोट भरण्यासाठी पॅरिसला आली. कोणी घरोघर पाणी वाहिले, कोणी कोळसा विकला, कोणी कोळशाच्या वखारीलाच लागून पेयपानाचे दुकान थाटले. त्यांच्याबरोबर त्यांचे बकरीच्या कातड्याचे ‘काब्रेत’ हे पिशवीचे वाद्यही आले. दिवसभराच्या कष्टानंतर या दुकानांत नाच होई, वादक पायांना घुंगरू बांधून ताल धरी. अशा नाचघराला ‘बाल-म्युझेत’, म्हणजे म्युझेतच्या साथीचा नाच, असे नाव पडले. पॅरिसमधील र्यू द लाप ही गल्ली अशा नाचघरांसाठी प्रसिद्ध झाली.

त्याच वस्त्यांत इटलीहून आलेले कामगार राहत. त्यांचे वाद्य ॲकॉर्डियन. हे वाद्य १८२९ मध्ये व्हिएन्ना येथे सिरिल डेमियान याने पेटंट केलेले. प्रारंभी दोन्ही गटांत स्पर्धा होती. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी ओव्हेर्न्यचा वादक आंत्वान बुस्कातेल आणि इटालियन घराण्यातील ॲकॉर्डियनवादक शार्ल पेगुरी एकत्र वाजवू लागले. ॲकॉर्डियनचा आवाज मोठा, त्याला स्वरही अधिक. हळूहळू पिशवीचे वाद्य मागे पडले आणि नाचघरात ॲकॉर्डियन तेवढे उरले. तथापि नाचघराचे नाव बदलले नाही. ज्या घरात म्युझेत वाजत नाही त्यालाही लोक ‘बाल-म्युझेत’ म्हणत राहिले आणि मग ॲकॉर्डियनवरच्या त्या संगीतालाच ‘म्युझेत’ म्हणू लागले.

यापुढची पायरी विज्ञानाच्या प्राध्यापकांना विशेष रुचेल. ॲकॉर्डियनमध्ये एका कळीसाठी एकाच उंचीच्या दोन किंवा तीन पितळी वा पोलादी जिभल्या बसविता येतात. त्या तंतोतंत एकाच कंपनसंख्येला न जुळविता किंचित पुढेमागे ठेवल्या, तर आवाज लहरत राहतो. समजा, एक जिभली सेकंदाला ४४० कंपने करते, दुसरी ४४३ आणि तिसरी ४३७. पहिली व दुसरी यांच्यात सेकंदाला ३ विस्पंद निर्माण होतात, पहिली व तिसरी यांच्यातही ३, तर दुसरी व तिसरी यांच्यात ६. या मिश्रणातून पॅरिसच्या नाचघरातील तो ओळखीचा थरथरता नाद येतो. सूर जुळविण्याच्या या रीतीला ॲकॉर्डियनचे कारागीर ‘म्युझेत’ म्हणतात. कातड्याच्या पिशवीपासून निघालेला शब्द अखेरीस कंपनसंख्येतील फरकाचे नाव झाला.

४. अर्थ कसे निघतात : लक्षणा, संक्षेप आणि श्लेष

हा सर्व प्रवास आपल्या काव्यशास्त्राला अपरिचित नाही. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. मुख्य अर्थाला बाध यावा, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी संबंध असावा आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. ‘कुशल’ हा शब्द मुळात कुश नावाचे गवत हात न कापता आणणाऱ्याचा; रूढीने तो कोणत्याही कामातील निपुण माणसाचा झाला. ‘प्रवीण’ या शब्दाची व्युत्पत्ती वीणावादनातील नैपुण्याशी जोडली जाते. आज स्वयंपाकात प्रवीण असणाऱ्या व्यक्तीने वीणा पाहिलेलीही नसते. ‘प्रवीण’मधून वीणा गेली, तशीच ‘बाल-म्युझेत’मधून पिशवी गेली.

लक्षणेच्या जोडीला आणखी एक प्रक्रिया काम करते. तिला आपण संक्षेप म्हणू. दोन शब्दांच्या नावातील एक शब्द गळून पडतो आणि उरलेला शब्द दोघांचा भार वाहतो. ‘आगगाडी’ची ‘गाडी’ होते, ‘गॅसची शेगडी’ नुसता ‘गॅस’ होते. मग ‘गॅस पुसून घे’ असे घरात म्हटले जाते आणि ते कोणाला विचित्र वाटत नाही. ‘बाल-म्युझेत’चे नुसते ‘म्युझेत’ झाले ते असेच.

मात्र प्रत्येक वेळी नाते असतेच असे नाही. फ्रेंचमध्ये चिचुंद्रीच्या एका जातीलाही ‘म्युझेत’ म्हणतात. तो शब्द उंदराच्या लॅटिन नावाच्या कुळातला मानला जातो. वाद्याशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे. मराठीत वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची ‘माळ’ आणि इंदापूर तालुक्यातील खडकाळ ‘माळ’ यांचे असेच आहे. पहिली संस्कृत ‘माला’पासून आलेली, दुसरा शेतजमीन या अर्थाच्या निराळ्या शब्दापासून. हे दोन वेगळे शब्द आहेत. एका शब्दाचे दोन अर्थ नव्हेत.

हा फरक न करणाऱ्यांचीही एक मोठी परंपरा आहे आणि ती आपल्या परिसराला अभिमानास्पद आहे. बारामतीत कऱ्हेकाठी ज्यांचे आयुष्य गेले ते मोरोपंत (१७२९–१७९४) यमक आणि श्लेषाचे स्वामी होते. श्लेष साधणाऱ्या कवीला शब्द एक की दोन याच्याशी कर्तव्य नसते. उच्चार एक असला म्हणजे पुरे. कवीचे सामर्थ्य तेथेच आहे. परंतु कवी जे एकत्र आणतो ते निराळे करून दाखविणे हे शिक्षकाचे काम आहे. वर्गात आपण ‘माळ’ आणि ‘पट्टी’ एकाच यादीत घालतो, तेव्हा आपण ना कवीचे काम करतो ना शिक्षकाचे.

५. ‘पेटी’ : खोक्यापासून संवादिनीपर्यंत

आता आपल्या घरातील शब्दाकडे वळू. संस्कृत ‘पेटी’, ‘पेटिका’ म्हणजे करंडा किंवा झाकणाचे खोके. मराठीत या मूळ अर्थाने पेटी आजही नांदते आहे. दानपेटी, टपालपेटी, मतपेटी, काडेपेटी, शवपेटी ही त्याची रूपे. द्राक्षे, डाळिंबे किंवा आंबे पेटीतून बाजारात जातात, तेव्हा पेटी हे मापही होते. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तीच पेटी एक लाख रुपयांची होते. परंतु कीर्तनात बुवा ‘पेटी जरा वर घ्या’ म्हणतात, तेव्हा कोणी खोके उचलत नाही.

हे वाद्य मूळचे फ्रेंच आहे. ‘हार्मोनियम’ या नावाने पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ॲकॉर्डियनप्रमाणेच यातही हवेच्या झोताने मोकळी जिभली थरथरते. म्हणजे ही दोन्ही वाद्ये एका कुळातली भावंडे होत. युरोपातील हार्मोनियम खुर्चीवर बसून, पायांनी भाता चालवून वाजवावयाचे. आपल्याकडे गायक-वादक जमिनीवर बसतात. १८७५ मध्ये कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी सुरू केलेल्या द्वारकिन या पेढीला हातभात्याच्या हार्मोनियमचे श्रेय दिले जाते. एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सूर, अशी रचना झाली आणि वाद्य उचलून कोठेही नेता येऊ लागले. बंद केले की ते खरोखरच एक लाकडी पेटी दिसे.

तरीही केवळ आकारावरून ‘पेटी’ हे नाव पडले असे म्हणणे अपुरे ठरेल. जुन्या पिढीत ‘बाजाची पेटी’ हा पूर्ण प्रयोग रूढ होता. बाजा म्हणजे वाद्य. ज्या पेटीतून ते वाजते ती बाजाची पेटी. पुढे ‘बाजाची’ गळाले आणि ‘पेटी’ राहिली. येथे रूपसाम्य आणि संक्षेप दोन्ही एकत्र आले. ‘हातपेटी’ व ‘पायपेटी’ या शब्दांनी दोन प्रकार वेगळे ठेवले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तेव्हा हातपेटी जन्माला यावयाची होती. म्हणजे या अर्थाचे वय दीडशे वर्षांहून अधिक नाही. इतक्या अल्प काळात तो मूळ अर्थाच्या शेजारी इतका घट्ट बसला, यामागे संगीत नाटक, कीर्तन, भजन आणि तमाशा या चारही क्षेत्रांचा हातभार आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूर मार्गे पंढरीला जाते. मुक्कामी होणाऱ्या भजन-कीर्तनात टाळ-पखवाजाबरोबर पेटीचा सूर ऐकू येतो.

दरबारी म्युझेत आणि नाचघरातील म्युझेत यांच्या प्रतिष्ठेत जसे अंतर होते, तसे अंतर पेटीच्या नावांतही दिसते. ‘पेटीवाला’, ‘पेटीवादक’, ‘हार्मोनियमवादक’ आणि ‘संवादिनीवादक’ ही एकाच कलावंताची चार नावे असली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचे आसन सारखे नसते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. १९७१ मध्ये ती शिथिल झाली. स्थिर स्वरांचे हे वाद्य भारतीय गायनातील सूक्ष्म श्रुती व मींड यांना न्याय देऊ शकत नाही, हा त्यामागील आक्षेप. त्या वाद्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पुढे तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘संवादिनी’ हे संस्कृत वळणाचे नाव या प्रतिष्ठेच्या लढाईतले आहे. गायकाशी संवाद साधणारी ती संवादिनी, हा त्या नावाचा दावा. मात्र सामान्य माणसाने प्रेमाने ‘पेटी’ हेच नाव जपले.

येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. फ्रेंचमध्ये ‘कासेत’ म्हणजे छोटी पेटी, विशेषतः दागिने वा पैसे ठेवण्याची. मोलिएरच्या १६६८ मधील कंजूष माणसावरील नाटकात चोरीला जाते ती अशीच पैशांची पेटी. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने ध्वनिफितीची छोटी डबी बाजारात आणली आणि तो शब्द ‘कॅसेट’ होऊन मराठीत आला. म्हणजे ज्या काळात आपण घरात पेटी ठेवून कॅसेट ऐकत होतो, त्या काळात संगीतासाठी आपल्याजवळ एकाच अर्थाचे दोन शब्द होते, एक संस्कृतातून आलेला आणि एक फ्रेंचमधून. कॅसेट आज दिसेनाशी झाली. पण तेच तेच बोलणाऱ्याची ‘कॅसेट सुरू झाली’ असे आपण अजूनही म्हणतो.

६. पेटीच्या आत : ‘भाता’ आणि ‘पट्टी’

पेटीच्या आत डोकावल्यास आणखी दोन प्रवासी भेटतात. पहिला ‘भाता’. संस्कृत ‘भस्त्रा’ म्हणजे कातड्याची पिशवी. तिच्यापासून मराठीत भाता आला. बाण ठेवण्याची पिशवी तो भाता आणि लोहाराची हवा फुंकणारी कातडी तोही भाता. योगाभ्यासातील ‘भस्त्रिका’ प्राणायाम याच कुळातला. लोहाराच्या भात्याचे काम पेटीत पुठ्ठा, कापड व कातडे यांनी जोडलेल्या घड्या करतात, म्हणून त्यांनाही भाताच म्हणतात. म्युझेतची पिशवी मराठी वाद्यात शोधावयाची असेल, तर ती येथे आहे. आपली पेटी बाहेरून खोके आणि आतून पिशवी आहे. दोन्ही गोष्टी तिच्या शब्दांनी प्रामाणिकपणे सांगितल्या आहेत.

दुसरी ‘पट्टी’. मूळ अर्थ लांबट, अरुंद तुकडा. कापडाची पट्टी जखमेवर बसली, लाकडाची पट्टी रेघ मारू लागली. ‘घरपट्टी’ आणि ‘पाणीपट्टी’ या रूपांत ती कराची झाली. कृषी उत्पन्न बाजारात अडत्या शेतकऱ्याला मालाच्या विक्रीचा जो हिशेब देतो ती ‘पट्टी’. ‘कांद्याची पट्टी आली का?’ या प्रश्नात तर पट्टी म्हणजे हाती पडलेले पैसेच होत. कागदाच्या अरुंद तुकड्यापासून पैशापर्यंतचा हा प्रवास वाणिज्य विभागाच्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर रोज दिसत असतो.

पेटीवर ज्या काळ्या-पांढऱ्या लाकडी तुकड्यांवर बोटे फिरतात त्याही पट्ट्याच. गायक आपला षड्ज सांगताना ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी दोन’ असे म्हणतो. पुरुष गायकांचा षड्ज बहुधा काळी एकच्या आसपास, तर स्त्री गायिकांचा काळी चार-पाचच्या आसपास असतो. ‘काळी चार’ म्हणजे सप्तकातील चौथी काळी पट्टी. येथेही ‘पट्टी’ हा शब्द गळाला आणि विशेषणे तेवढी उरली. तंबोऱ्यावर गाणारा गायकसुद्धा आपला स्वर पेटीच्या पट्टीच्या नावाने सांगतो. पेटीला मैफलीतून बाहेर काढू पाहणाऱ्यांच्या तोंडीही पेटीचीच परिभाषा राहिली, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीने बोलकी आहे.

यानंतर ‘पट्टी’ वाद्यातूनही बाहेर पडली. ‘वरच्या पट्टीत गाणे’ यावरून ‘वरच्या पट्टीत बोलणे’ आले. सभेत वाद वाढला आणि आवाज वरच्या पट्टीत गेले, असे आपण लिहितो, तेव्हा लाकडाच्या तुकड्यापासून स्वराच्या उंचीपर्यंत आणि तेथून रागापर्यंत अशा तीन पायऱ्या एका शब्दात बसलेल्या असतात. म्युझेतने पिशवीच्या वाद्यापासून कंपनांपर्यंत जो पल्ला गाठला, त्याहून हा पल्ला कमी नाही.

दोन भाषांतील फरकही येथे स्पष्ट होतो. ॲकॉर्डियनच्या कारागिराला जे विस्पंद हवे असतात, तेच पेटीच्या कारागिराला अनेकदा काढून टाकावे लागतात. कारण गायनाच्या साथीला स्थिर सूर लागतो. पेटीतील सुरांच्या संचांना आपले कारागीर खर्ज, नर आणि मादी अशी नावे देतात. जुन्या पेट्यांतील पॅरिसच्या सुरांची ते आवर्जून वाखाणणी करतात. फ्रान्सहून सूर आले, वाद्य आले, ‘हार्मोनियम’ हे नावही आले. परंतु त्या वाद्याचे अवयव ओळखावयाची वेळ आली तेव्हा मराठी माणसाने लोहाराकडून भाता घेतला, सुताराकडून पट्टी घेतली आणि नर-मादी संसारातून घेतले. परकी वस्तू आपलीशी करण्याची ही रीत उसनवारीहून निराळी आणि अधिक टिकाऊ आहे.

७. ‘थारोळे’ : वस्तू गेल्यानंतर

वस्तू नाहीशी झाली म्हणजे तिच्या शब्दांचे काय होते, याचे उत्तर आपल्या शिवारात आहे. कातड्याची आणखी एक पिशवी या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, ती विहिरीवरची मोट. मोट हाकताना गाणी म्हटली जात, म्हणजे पिशवी आणि संगीत यांची सांगड येथेही होती. मोटेबरोबर एक शब्दसंसार होता. बैल चालण्याची उतरती ‘धाव’, मोटेचा जाड दोर तो ‘नाडा’, मोट जेथे रिकामी होई ते ‘थारोळे’. इंजिन व विजेचे पंप आले, मोटा गेल्या. आजच्या विद्यार्थ्याला ‘थारोळे’ विचारले तर त्याला एकच प्रयोग आठवतो : ‘रक्ताच्या थारोळ्यात’. मळ्याला पाणी देणारा शब्द वर्तमानपत्रातील अपघाताच्या बातमीपुरता उरला. म्युझेतमधून पिशवी गेली तरी मागे नाच राहिला. थारोळ्यातून पाणी गेले आणि मागे रक्त राहिले. मधला दुवा सांगणारा कोणी उरला नाही, तर हा प्रयोग अर्थहीन वाटू लागेल.

पेटीच्या शब्दांवर ही वेळ अद्याप आलेली नाही. तथापि विजेवर चालणारे कळफलक आणि भ्रमणध्वनीतील तंबोरे आता गावोगावच्या भजनी मंडळांतही पोहोचले आहेत. त्यांत भाता नाही. खर्ज, नर, मादी हे शब्द सूर घासून जुळविणाऱ्या हातांबरोबर चालतात. ते हात थांबले की शब्दही थांबतील.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनातून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, अनेकार्थी शब्द शिकविताना अर्थांची यादी न देता साखळी द्यावी. कोणता अर्थ आधीचा, कोणता नंतरचा आणि दोहोंमध्ये रूपसाम्य, सान्निध्य की संक्षेप, हे विद्यार्थ्याने सांगितले पाहिजे. उच्चार एक पण कूळ वेगळे असलेले शब्द याआधीच वेगळे काढावेत. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–१९३८) समोरासमोर ठेवून एकच शब्द पाहावयास लावला, तरी पुष्कळ काम होते.

दुसरी, प्रकल्पाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना गावातील पेटी दुरुस्त करणारे, लोहार, सुतार, अडते यांच्याकडे पाठवावे आणि त्यांच्या व्यवसायातील शब्द, अर्थ व वापर अशा तीन स्तंभांत नोंदवून आणावयास सांगावे. ग्रामीण महाविद्यालयाला या कामात शहरापेक्षा अधिक सोय आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरातच हे शब्द बोलणारी माणसे आहेत.

तिसरी, हे काम मराठी विभागाने एकट्याने करू नये. विस्पंद भौतिकशास्त्राने समजावून द्यावेत, अडत व पट्टी वाणिज्य विभागाने, मोटेकडून पंपाकडे झालेले स्थित्यंतर इतिहास व भूगोल विभागांनी. बहुविद्याशाखीय अभ्यास याचा अर्थ एका अंकात निरनिराळ्या विषयांचे लेख छापणे एवढाच नसावा. एकाच शब्दाभोवती निरनिराळे विषय बसू शकतात.

९. समारोप

‘म्युझेत’ने शेकडो वर्षांत जे अर्थ मिळविले ते कोणा एका पंडिताने दिलेले नाहीत. गुराखी, उमराव, पाणके, कोळसेवाले, स्थलांतरित वादक, शिपाई आणि सायकलपटू यांनी आपापल्या गरजेप्रमाणे ते दिले. ‘पेटी’, ‘भाता’ आणि ‘पट्टी’ यांनाही बुवा, लोहार, गायक आणि अडते यांनी घडविले आहे. शब्दाचे अर्थ मोजणे सोपे आहे. ते कोणाच्या हातून आले हे सांगणे कठीण असले तरी भाषेचे खरे शिक्षण त्यातच आहे. जे हात आज आपल्या तालुक्यात कामात आहेत त्यांच्याकडून त्यांचे शब्द विचारून घेण्याची संधी आपल्याला अद्याप उपलब्ध आहे. कोशात जागा पुष्कळ आहे. वेळ मात्र थोडा आहे.